मोजे आतून काळे

सृष्टीचे डोळे सुजले तेव्हा घरात आम्ही तीन मोठी माणसं होतो आणि तिघांकडं मिळून सात कारणं होती.

त्यातली दोन माझ्या आत्याची. कस्तुराआत्या दिवाळीच्या सुट्टीत देवणीहून अहमदपूरला आली होती, धाकट्या भावाला एकटं वाटू नये म्हणून. तिच्या मते ही एक तर दृष्ट होती, नाहीतर रात्री खाल्लेलं दही. चार कारणं आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आप्पांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. फटाक्यांचा धूर, मोबाइल, डास आणि उशीतला जुना कापूस, अशी त्यांनी फळ्यावर लिहावीत तशी क्रमानं सांगितली. सातवं कारण माझ्याकडं होतं. ते मी कुणाला सांगत नव्हते.

सृष्टी पाच वर्षांची. ती मात्र खूश होती. शुक्रवारी सकाळी आरशात पाहून ओरडली, "आई, मी बेडूक झाले!" वरच्या पापण्या फुगलेल्या, खाली दोन छोट्या उश्या, मधे डोळ्यांच्या नुसत्या फटी. मग घरभर डराव डराव. दुपारी सूज उतरली तेव्हा हिरमुसून म्हणाली, "संपलं?"

शनिवारी सकाळी बेडूक परत आला.

सकाळी सूज, दुपारी नाही. हे वेळापत्रक मला पाठ होतं. माझ्या आईचे डोळे गेल्या वर्षी असेच सुजायचे. आम्ही सगळ्यांनी त्याला जागरण म्हटलं. मी नांदेडहून व्हिडिओ कॉलवर म्हणायचे, "आई, मालिका कमी बघ, लवकर झोपत जा." ती 'हाव' म्हणायची. पुढं पाय सुजले, तपासण्या झाल्या, आणि कळलं की किडन्या. फेब्रुवारीत ती गेली. यंदा घरात सण नव्हता. मी सृष्टीला घेऊन नुसतीच आले होते.

आईशिवायच्या त्या घरात एकच गोष्ट सुधारली होती, ती म्हणजे फरशी. आत्या दिवसातून दोनदा पुसायची. सृष्टी लहान असताना हिवाळ्यात तिला इथून नांदेडला नेलं की तिचे मोजे आतून काळेकुट्ट निघायचे. मी आईला फोन करून म्हणायचे, "फरशी नीट पुसून घेत जा गं." ती म्हणायची, "हाव, पुसते." पुढच्या खेपेला मोजे पुन्हा काळे.

असो. मी ग्रंथपाल आहे. वाचणं हे माझं काम. शनिवारी दुपारी मी फोनवर वाचायला बसले. मुलांचे डोळे रडून सुजतात, पालथं झोपून सुजतात. सर्दीनं, धुळीनं, किडा चावून, रांजणवाडी होऊन सुजतात. डोळे सारखे चोळले तरी सुजतात. सूज मऊ असेल, दुखत नसेल, रोज सकाळी येत असेल, लघवीला फेस येत असेल तर किडनी तपासा. इथं मी फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलला. त्याच यादीत आणखी एक ओळ होती: डोळ्यात घातलेलं काहीही, उदाहरणार्थ घरगुती काजळ. ती ओळ मी वाचली आणि बोटानं वर सरकवली.

कारण काजळ मी घालत होते.

हे सांगायला मला अजूनही अवघड जातं. सृष्टी जन्मली तेव्हा मी आणि आई याच घरात काजळावरून भांडलो होतो. आई दरवर्षी दिवाळीच्या आधी एरंडेलाची पणती लावून तिच्यावर पितळी ताटली धरायची, जमलेली काजळी तुपात मळायची आणि डबीत भरायची. मी एका कागदावर पाच मुद्दे लिहून तो पाळण्याला चिकटवला. पहिला मुद्दा, बाळाच्या डोळ्यात काहीही घालू नये. आईनं चष्मा लावून पाचही वाचले.

"बरं बाई, डोळ्यात न्हाई," ती म्हणाली. "तळपायाला तरी एक ठिपका लावू दे."

मी तेही नाही म्हटलं. प्रश्न तत्त्वाचा आहे, असं काहीतरी बोलले. आप्पांनी माझी बाजू घेतली. आई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

आणि यंदा देवघराच्या फडताळात ती डबी सापडली. गेल्या दिवाळीची. झाकणाच्या आतल्या बाजूला आईच्या बोटाचा अर्धा ठसा होता. मंगळवारी सृष्टीला झोपवताना मी ठसा पुसला जाणार नाही अशा बेतानं करंगळीवर काजळ घेतलं आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत घातलं. आईनं घातलं असतं तसं.

"आजोबांना सांगायचं नाही," मी म्हटलं. "हे आपलं गुपित."

सकाळी कुणी उठायच्या आत मी खोबरेल तेलाच्या बोळ्यानं ते पुसून टाकायचे. बुधवारी, गुरुवारीही घातलं, आणि डोळे सुजल्यावर शुक्रवारीही. आईच्या हातचं होतं; त्यानं काही होणं शक्य नव्हतं. पाच मुद्दे लिहिणारी बाई हीच.

शनिवारी संध्याकाळी मुकुल आला. माझा नवरा हिमायतनगरला कृषी खात्यात आहे. सृष्टी त्या रात्री त्याच्याजवळ झोपली. रविवारी सकाळी डोळे जवळजवळ नीट होते आणि घरात तीन विजयी माणसं होती.

"बघ," आत्या म्हणाली, "काल दोन्ही वक्ताला मीठ-मोहरी-मिरच्या उतरवल्या. कशी गेली दृष्ट!"

"आक्का, काल मी उशी बदलली," आप्पा म्हणाले.

"मी आलो म्हणून," मुकुल म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

सोमवारी बेडूक हजर. मंगळवारी जरा जास्तच. बुधवारी सकाळी मी सृष्टीच्या पायांवर बोट दाबून पाहत होते ते आप्पांनी पाहिलं. आईच्या पायांवर आम्ही असंच दाबून पाहायचो, सुजेमुळं खळगा राहतो का ते.

"लातूरला जाऊ," ते म्हणाले. "आत्ताच."

डॉक्टर लघवी तपासणार आणि ती सकाळची पहिलीच लागणार, हे आम्हाला आईच्या आजारपणापासून माहीत होतं. प्रश्न बाटलीचा होता. मेडिकल दुकान उघडायला वेळ होता. आत्यानं लोणच्याची रिकामी बाटली राखेनं घासली, गरम पाण्यानं धुतली, उन्हात पालथी घातली. मग सृष्टीला न्हाणीत बसवून आत्या एका बाजूनं "शूऽऽ" करायला लागली आणि दुसऱ्या बाजूनं आप्पांनी नळ सोडला.

"सगळे बघू नका ना!" सृष्टी म्हणाली.

"बघून राहिलो न्हाई, ऐकून राहिलोय," आत्या म्हणाली.

बाटली भरली. आत्यानं ती पिशवीत उभी ठेवली आणि लातूरच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसली, जणू आत कलश आहे. शिरूर ताजबंद गेल्यावर शेजारचे एक म्हातारे गृहस्थ पिशवीत डोकावले.

"मावशी, लिंबाचं सरबत हाय का?"

"हाव," आत्या म्हणाली आणि पिशवी छातीशी धरली.

"मंग पाजा की पोरीला घोटभर. डोळे बघा कसे बारीक झालेत बिचारीचे."

"ते सरबत नाही," सृष्टी मोठ्यानं म्हणाली, "ती माझी—"

मी तिच्या तोंडात लिमलेटची गोळी घातली. म्हातारबुवा लातूरपर्यंत आमच्याकडं कंजूस माणसांकडं पाहावं तसं पाहत होते.

लहान मुलांचे डॉक्टर उमाशंकर हे आप्पांच्या ओळखीच्या कुणाचे तरी विद्यार्थी निघाले. मराठवाड्यात कुणीतरी कुणाचं तरी निघतंच. त्यांनी आधी सृष्टीला विचारलं, "काय झालं?"

"मी सकाळी बेडूक असते."

"आणि दुपारी?"

"दुपारी सृष्टी."

त्यांनी बॅटरीनं डोळे पाहिले, खालची पापणी ओढून आतला लालपणा पाहिला, ताप पाहिला, पोट दाबलं. मग नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. मी त्या जागेकडं पाहत होते. खळगा पडला नाही.

"लघवी?"

आत्यानं बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला.

"लोणचं कशाचं होतं?"

"करडीच्या तेलातलं. कैरीचं," आत्या म्हणाली. "पर घासलीय मी."

"छान मुरलं असणार. पण या बाटलीत तपासली तर मला लोणच्याला प्रथिनं किती तेच कळेल. पोरगी इथंच आहे, तिला पाणी पाजा. ताजी चालेल."

मग सृष्टी दोन पेले पाणी प्यायली आणि तिनं जाहीर केलं की तिला शू आलेली नाही. नर्सबाई स्वच्छ डबी हातात घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. आत्यानं पुन्हा "शूऽऽ" सुरू केलं तेव्हा बाहेर बसलेली दोन मुलं आपापल्या आयांना "आई, शू" म्हणायला लागली. सृष्टी ढिम्म.

"येईल," डॉक्टर म्हणाले. "तोवर सांगा, घरी काय काय केलं?"

"काही नाही," आप्पा म्हणाले.

"काही न्हाई," आत्या म्हणाली.

मी पर्सची चेन लागली आहे का ते पाहिलं.

"दृष्ट नाही काढली?"

आत्या पदर सावरायला लागली. "ती तर काढावीच लागती. सकाळ-संध्याकाळ."

"मिरच्या जाळून? धूर पोरीच्या तोंडासमोर?"

"मग काय शेजारणीच्या तोंडासमोर जाळू?"

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "गुरुजी, तुम्ही?"

"मी या सगळ्याच्या विरोधात आहे," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "गुलाबपाणी घातलं होतं. दोनच थेंब."

"उद्धव!" आत्या म्हणाली.

"आणि एकदा... भाकरतुकडा ओवाळून टाकला."

आत्या त्यांच्याकडं पाहतच राहिली. सत्तर वर्षांत तिला भावाविषयी एवढी चांगली बातमी मिळाली नव्हती.

"भाकरतुकड्यानं काही बिघडत नाही, कुत्र्याचं पोट भरतं," डॉक्टर म्हणाले. "पण डोळ्यात कुणी काही घालायचं नाही, गुलाबपाणीसुद्धा नाही. आणखी?"

स्वतःची बाजू सावरायला आप्पांनी पिशवीतून वही काढली. हे मला माहीत नव्हतं. शुक्रवारपासून ते रोज तीन वेळा सृष्टीच्या डोळ्यांची नोंद करत होते. वार, वेळ, डावा, उजवा, 'फुगवटा मध्यम', 'फुगवटा अधिक'. एके ठिकाणी पट्टीनं मोजून मिलिमीटरसुद्धा लिहिले होते. डॉक्टर वही गांभीर्यानं वाचत होते.

"गुरुजी, हे फार कामाचं आहे. रविवार बघा. रविवारी सूज नाहीच म्हणता येईल. शनिवारी रात्री काय वेगळं झालं?"

"उशी," आप्पा म्हणाले.

"उशी तर नंतरही तीच होती ना? सोमवारी पुन्हा आहे."

"शनिवारी हिचा बाप आला होता," आत्या म्हणाली. "पोरगी त्याच्यापाशी झोपली."

"आणि इतर दिवशी?"

"आईपाशी."

डॉक्टरांनी वहीतून मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. "काजळ वगैरे?"

आप्पा हसले. गेल्या सहा दिवसांत प्रथमच. "छे! काजळाचं नाव काढू नका. आमची तनुजा त्याबाबतीत फार कडक आहे. आईशी भांडली होती त्यापायी. पाळण्याला पाच मुद्दे लिहून लावले होते. मला अजून पाठ आहेत."

सृष्टीनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळे तेवढे दिसत होते, फुगलेले, लाल, माझ्यावर रोखलेले. ती हातांच्या आडून म्हणाली, "आई, सांगू का?"

वहीतल्या त्या रविवारकडं पाहताना मला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी वाटलं. आठ महिन्यांपूर्वी याच शहरात, दुसऱ्या एका टेबलासमोर बसून मी मनात म्हणत होते, कुणाची तरी चूक असू दे, चूक सुधारता येते. तिथं कुणाचीच चूक नव्हती. इथं असू शकत होती. माझी.

"मीच सांगते," मी म्हटलं. "मी घालत होते. रोज रात्री. शनिवार सोडून. सकाळी तेलाच्या बोळ्यानं पुसायचे." मी पर्समधून डबी काढली. ती मी लातूरला का आणली होती, कोण जाणे. "आईनं केलेलं आहे. गेल्या दिवाळीला."

आप्पा डबीकडं पाहत होते.

"सांगून झालं?" सृष्टीनं हात खाली घेतले. "मग आता शू आली."

नर्सबाई तिला घेऊन धावल्या.

डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला. त्या सकाळी त्यांनी आमच्या घरच्या दुसऱ्या गोष्टीचा वास घेतला. "तूप खवट झालंय. वर्षभर राहिलंय, बोटं बुडलीत, त्यावर रोज तेलाचा बोळा, वरून मिरच्यांचा धूर आणि गुलाबपाणी. बिचारे डोळे दिवसभर सावरतात आणि रात्री तुम्ही पुन्हा सुरू." हे ते हसून म्हणाले. मग हसणं बंद करून म्हणाले, "तरी लघवीचा रिपोर्ट बघूनच बोलू. किडनीचीही सूज सकाळीच दिसते, म्हणून तुम्ही घाबरलात ते बरोबर आहे. घाबरून आणलंत तेही बरोबर."

मी किडनीचं नाव काढलेलं नव्हतं. आप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: 'मुलीची आजी, किडनी.' सातवं कारण त्यांच्याकडंही होतं तर.

वीस मिनिटं लागली. आत्या भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडं पाहून ओठ हलवत होती. आप्पांनी चष्मा चार वेळा पुसला. नर्सबाईंनी कागद आणून दिला आणि डॉक्टरांनी तो आमच्याकडं फिरवून बोट ठेवलं. प्रोटीन, निल.

"काही नाही," ते म्हणाले. "काजळच."

आत्या मोठ्यानं म्हणाली, "बरं झालं बाई, काजळ निघालं!" आणि मग आपण काय बोललो ते कळून पदर तोंडाला लावला. आप्पा खिडकीबाहेर पाहायला लागले. मला हसू आलं, आणि ते जरा जास्त वेळ येत राहिलं, तेव्हा डॉक्टरांनी पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला.

त्यांनी औषधाचे थेंब लिहून दिले. स्वच्छ फडकं गार पाण्यात बुडवून दिवसातून तीनदा बंद डोळ्यांवर ठेवा, चोळू देऊ नका, हात धुवायला लावा. पाच दिवसांत उतरलं पाहिजे. ताप आला, डोळा दुखायला लागला, पापणी गरम लाल झाली किंवा उघडेना झाली तर थांबू नका, या. सूज राहिलीच तर लघवी पुन्हा तपासू. "बाटली आणू नका," असंही म्हणाले.

"आणि ही डबी?" मी विचारलं.

ते 'टाकून द्या' म्हणणार होते. माझ्या हाताकडं पाहून त्यांनी ते गिळलं. "डोळ्यांच्या जवळ न्यायची नाही."

"डॉक्टरसायब," आत्या पुढं सरकली, "तळपायाला चालंल का? एक ठिपका?"

"पायाला डोळे नसतात, आत्या. लावा. पण पोरगी तिथं हात लावील आणि तोच हात डोळ्यांना. वरून मोजा घाला."

पाचव्या दिवशी बेडूक आला नाही. सृष्टीनं आरशात शोधला, मग नाद सोडला. सहाव्या दिवशी आम्ही नांदेडला निघालो. निघताना मी तिला पायरीवर बसवलं, करंगळीवर काजळ घेतलं, उजव्या तळपायाला एक ठिपका, डाव्याला एक.

"गुदगुल्या!" सृष्टी ओरडली. "हे पण गुपित आहे?"

"नाही. हे सगळ्यांना सांगायचं."

मग पांढरे मोजे, बूट. आप्पा दारात उभे राहून पाहत होते.

नांदेडला पोचेपर्यंत दुपार टळली. सृष्टी रिक्षातच झोपली होती. पलंगावर टाकून मी तिचे बूट काढले, मोजे काढले आणि सवयीनं उलटे केले.

मोजे आतून काळेकुट्ट होते.

सृष्टी लहान असताना निघायचे, अगदी तसेच. मग फोन केला.

"आप्पा," मी म्हटलं, "फरशी नीट पुसून घेत जा."

"हाव," आप्पा म्हणाले. "पुसतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? तुम्ही तर माझ्या बाजूनं होता!"

"बाजूनं होतोच की," ते म्हणाले. "पण तू अंघोळीला गेलीस की दारावर लक्ष ठेवायला तुझ्या आईला कुणीतरी लागायचं."